एरंडेल घातलेली राळ

महिपतीचं गिरणीतलं काम पट्ट्यांचं. छताला टांगलेल्या लांबलचक लोखंडी दांड्यावर चाकं फिरायची आणि त्या चाकांवरून चामड्याचे पट्टे खाली साच्यांपर्यंत, म्हणजे विणायच्या मागांपर्यंत, यायचे. पट्टा ढिला पडला, फाटला, घसरला की महिपतीला हाक. म्हणून त्याला सगळे पट्टेवाला म्हणत. लग्न ठरवताना सिद्धम्माच्या अक्कलकोटकडच्या मामानं, पोरगा साहेबाच्या दाराशी स्टुलावर बसणारा पट्टेवाला आहे असं समजूनच होकार दिला होता. जावई शिडीवर चढून तेलानं काळाकुट्ट होऊन घरी येतो, हे त्याला वरात निघाल्यावर कळलं.

त्या मामाला आणखी एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. जावयाच्या खोलीत आधीच एक बाई राहत होती. माणसापेक्षा हातभर उंच, कमरेला बारीक, पोटाला फुगलेली, चार जाड तारांची. डबल बास, म्हणजे उभ्यानं गजानं वाजवायचं थोरलं व्हायोलिन. परेरा नावाच्या रेल्वेच्या गार्डानं महिपतीला तो शिकवला होता. रिटायर होऊन गोव्याला जाताना जन्मभर गाडीच्या मागच्या डब्यात हिंडलेल्या त्या गार्डालाच तो डबल बास गाडीत चढवता आला नाही. म्हणून त्यानं तो महिपतीकडं सोडला. चाळीत त्याला 'डबल बाज' म्हणत. शेजारच्या बजाबाईनं तर पहिल्या दिवशी विचारलंही होतं, "बाज हाय तर तिला उभी का ठेवलीया?"

परेरासाहेबानं जाताना बरोबर एक हिरवी डबी दिली होती. तिच्यात अर्ध्या लिंबाएवढा राळेचा खडा होता, जर्मनीतून आलेला. गजाच्या घोड्याच्या केसांना राळ घासली नाही, तर गज तारेवरून नुसता घसरतो, आवाज म्हणून निघत नाही. महिपतीनं तो खडा अकरा वर्षं पुरवला. कंजूष सासूनं तूप वाढावं तसा, दर कार्यक्रमाला दोन हात फिरवायचा आणि डबी बंद. पण अठ्ठ्याहत्तर सालच्या चैत्रात डबीचा तळ दिसला.

मुंबईच्या वाद्यांच्या दुकानाला त्यानं पत्र टाकलं. उत्तर आलं, डबल बासची राळ परदेशातून येते, सध्या येत नाही, सहा महिन्यांनी चौकशी करावी. शेवटी तो हिंदुरावांकडं गेला.

हिंदुराव म्हणजे गिरणीतले टाइमकीपर. भोंगा झाल्यावर एक मिनिट उशीर झाला तरी पाव दिवस कापणारे म्हणून सगळ्या शिफ्टांत त्यांचं नाव निघायचं. संध्याकाळी मात्र ते पांढरा बुशशर्ट घालून, केसाला तेल चोपडून व्हायोलिन वाजवायचे. 'हिंदुराव अँड पार्टी' हा लग्नाकार्यात सिनेमाची गाणी वाजवणारा ऑर्केस्ट्रा त्यांचाच. महिपती त्यांच्या मागच्या रांगेत उभा राहायचा.

हिंदुरावांनी आपल्या व्हायोलिनच्या राळेचा एक कपचा तोडून दिला. ती राळ काचेसारखी टणक. व्हायोलिनच्या नाजूक तारेला ठीक, पण डबल बासच्या दोरखंडासारख्या तारेवर ती काय धरणार? पुढच्या कार्यक्रमात महिपतीनं गज ओढला आणि सायकलच्या चाकातून हवा जावी तसा फुस्स आवाज आला. पहिल्या रांगेतलं एक पोर हसायला लागलं.

कार्यक्रम संपल्यावर हिंदुरावांनी त्याला बाजूला घेतलं. "महिपती, राग मानू नकोस. तुझा बास दिसतो, ऐकू येत नाही. टेम्पोत तीन माणसांची जागा खातो. येत्या रविवारी मॅनेजरसाहेबांच्या मुलीचं रिसेप्शन आहे, तेवढं तुझ्याबरोबर करू. मग मी इलेक्ट्रिक गिटारवाला आणणार."

"साहेब, राळंचा घोळ हाय. राळ मिळाली की…"

"अकरा वर्षांत तुझा आवाज कुणी ऐकलाय का? तू मागं असतोस हे फोटोत कळतं," असं म्हणून हिंदुरावांनी व्हायोलिनची पेटी खटकन मिटली.

महिपती घरी आला, जेवला नाही. बासवरची धूळ पुसत बसला. सिद्धम्मानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "साकु आता, पुरे. पुसून पुसून रंग जाईल तिचा."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एक पट्टा चाकावरून घसरत होता. महिपतीनं नेहमीसारखी पट्ट्याला लावायची चिकट राळ बोटभर घेतली आणि पट्ट्याच्या आतल्या अंगाला फासली. पट्ट्यानं चाक गच्च धरलं, साचा खडाखडा सुरू झाला. महिपती शिडीवरच थांबला. वीस वर्षं तो हे करत होता. राळ आणि एरंडेल, दुसरं त्यात काही नव्हतं. पट्टा चाकाला धरतो, तर गज तारेला का धरणार नाही?

"हिंदुराव काय म्हणतो ते सोड," खालून जॉबर, शेडचा मुकादम, ओरडला, "आधी शिडीवरनं उतर. तुझ्या बुडाखाली साचा चाललाय!"

घरी येताना त्यानं काष्ठौषधींच्या दुकानातून पिवळीधमक राळ आणि मेण घेतलं. एरंडेल घरात होतंच. सिद्धम्मानं सगळं ऐकून घेतलं आणि स्टोव्ह पेटवला. राळ कशी उकळायची हे तिला ठाऊक नव्हतं, पण पाक कधी उतरवायचा हे तिच्या हाताला पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्या मते दोन्हीत फार फरक नव्हता.

पहिली वडी टणक झाली. गजावर घासताच तिचा भुगा उडाला, दोघं आलटून पालटून शिंकत बसली. दुसऱ्या वेळी महिपतीनं एरंडेलाचा हात सैल सोडला. ती वडी अशी झाली की गज तारेला लावला तो तिथंच बसला. ओढला तर अख्खा बास गजाबरोबर अंगावर आला, आणि सिद्धम्मानं मागून धरला नसता तर नवरा बासखाली सापडला असता.

"अय्यो, हिच्यावर माशा बसल्या तर जन्मात उडायच्या न्हाईत," ती म्हणाली. तिसऱ्या वेळी तिनं नवऱ्याला स्टोव्हपासून लांब बसवलं. राळ वितळवली, एरंडेल मोजून चमचाभर घातलं, मेणाचा बोराएवढा तुकडा सोडला, थेंब पाण्यात टाकून बोटानं दाबून बघितला आणि सगळं इडलीच्या पात्रात ओतलं. सकाळपर्यंत मधाच्या रंगाची, तकतकीत, नखानं दाबली तर हळूच खड्डा पडणारी इडली तयार झाली.

तो दिवस मंगळवार. पट्ट्यांची मोठी दुरुस्ती रविवारी गिरणी बंद असताना व्हायची, म्हणून महिपतीची सुट्टी मंगळवारी असे. दुपारी चाळ जेवून आडवी झाली होती. ऊन असं की कावळ्यांनीसुद्धा तोंड मिटलं होतं. दुसऱ्या शिफ्टची माणसं शर्ट काढून, ओल्या टॉवेलवर पालथी पडली होती. त्यांची शिफ्ट साडेतीनची. त्याआधी तीनला पहिला भोंगा व्हायचा, की उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, डबा उचलायचा. घरात घड्याळ असलं तरी त्याच्याकडं कुणी बघत नसे. सोलापुरात दिवस भोंग्यावर चालायचा.

खोलीचं छत ठेंगणं, म्हणून महिपतीनं बास व्हरांड्यात आणला. वर पत्रे. त्यानं गजाच्या केसांना नवी राळ घासली, एक हात, दोन हात, तिसरा मोह म्हणून. मग सगळ्यात जाड, खर्जाच्या तारेवर गज टेकवला आणि सावकाश ओढला.

तारेनं गज धरला. आधी आवाज जमिनीतून आल्यासारखा पायांना कळला, मग पोटाला, मग कानाला. पत्रे थरथरायला लागले. मांडणीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणली. महिपतीनं डोळे मिटले. परेरासाहेब गेल्यापासून असा आवाज त्यानं ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर परेरासाहेबांच्या हातूनही ऐकला नव्हता. गज संपत आला तसा त्यानं आवाज न तोडता उलटा फिरवला. पुन्हा ओढला. थांबावंसं वाटेचना. एवढ्या वर्षांचा फुस्सपणा त्यानं त्या एका सुरात भरून काढला.

डोळे उघडले तेव्हा समोरून शेजारचा बाळासो शर्टाची बटणं लावत चालला होता. त्याच्यामागं येडू, हातात डबा. त्याच्यामागं आणखी चौघं. पलीकडच्या चाळीतूनही माणसं निघाली होती, डोळे चोळत, चपला पायात कोंबत. आणि सगळ्यांच्या शेवटी आप्पा. नऊ वर्षांपूर्वी रिटायर झालेले आप्पा डोक्यावर टोपी चढवून, पंचा खांद्यावर टाकून लगबगीनं गिरणीच्या वाटेला लागले होते.

"अवो, हे सगळे कुटं चाललेत?" सिद्धम्मा दारात आली.

"शिफ्टला."

तिनं पायरीवरची सावली बघितली. तीन वाजता ती सावली दुसऱ्या पायरीला टेकायची. ती अजून पहिलीवरच होती. "अजून दोन बी वाजले न्हाईत," ती म्हणाली.

दोघांनी एकाच वेळी बासकडं बघितलं. मग सिद्धम्मानं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती मटकन खाली बसली. तिचे खांदे गदागदा हलत होते.

"हसतीस काय? हाका मारू का त्यास्नी?"

तिनं बोळा काढला. "काय म्हणून मारणार? परत या, भोंगा माझ्या बायकूनं शिजीवला हुता म्हणून?"

महिपती कोपऱ्यापर्यंत पळत गेला खरा. पण रस्ता माणसांनी भरून वाहत होता आणि त्याला तोंड उघडायचा धीर झाला नाही. तो परत आला, बास आत नेऊन त्याच्यावर चादर टाकली आणि आजारी माणसासारखा शेजारी बसून राहिला.

पुढं काय झालं ते संध्याकाळी आप्पांनी येऊन सांगितलं. आप्पांना सांगायला एवढा आनंद होत होता की ते खाली बसेचनात.

हिंदुराव जेवून टाइम ऑफिसच्या बाकावर झोपले होते, डोक्याखाली हजेरीचं रजिस्टर घेऊन. गेटवर आरडाओरडा झाला तसे दचकून उठले. बघतात तर अख्खी दुसरी शिफ्ट दारात. त्यांना वाटलं, आपण झोपेत भोंगा घालवला. त्यांनी घड्याळाकडं बघितलंच नाही. गेट उघडलं, बिल्ले दिले, हजेरी लावली, आणि सवयीनं शेवटच्या आठ जणांना उशीर म्हणून लाल शाई मारली. आत माणसं साच्यांवर पोचली. दुसरी शिफ्ट आली बघून पहिल्या शिफ्टला वाटलं आपली सुट्टी झाली. त्यांनी साचे बंद केले आणि हातपाय धुवायला गेले. मग कुणाचं तरी लक्ष शेडमधल्या घड्याळाकडं गेलं. दोन्ही शिफ्टा अंगणात समोरासमोर उभ्या, मध्ये मॅनेजरसाहेब हातातलं घड्याळ कानाला लावून बघतायत, आणि सगळ्या गिरणीत टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता!

"आणि मला बी बिल्ला दिला की त्या हिंदुरावानं," आप्पा म्हणाले. "म्हणला, लवकर चला, उशीर लावीन!"

महिपती हसला, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटच्या खोलीतला गुंडा पायरीवर बसलेला दिसला, तोही कामाच्या वेळी. गुंडा गिरणीच्या बॉयलरवर होता आणि भोंग्याची साखळी ओढायचं काम त्याचं. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं होतं. हिंदुरावांनी लिहून दिलं होतं की दोनच्या सुमारास गिरणीचा भोंगा झाला आणि तो त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. दुसरं ते लिहिणार तरी काय? झोपलो होतो असं?

"महिपती," गुंडा म्हणाला, "म्या साखळी वढली न्हाय. पण सगळीच म्हणत्यात भोंगा झाला. काल रातीपासनं मलाच वाटाया लागलंय, आपुन झोपंत वढली का काय."

एवढं ऐकल्यावर महिपतीच्यानं राहवेना. त्यानं गुंडाला घरात नेलं, दार लावलं, बासवरची चादर काढली आणि गजाचं नुसतं टोक फिरवून हळूच तो सूर लावला. गुंडा उठून उभा राहिला. बासभोवती एक फेरी मारली, पोटाला हात लावून बघितला.

"ह्यो माझ्या भोंग्यापरीस बरा हाय," तो शेवटी म्हणाला. "माझा शेवटाला फाटतो."

"मी आत्ता जाऊन सायबाला सांगतो."

"कुणाच्या मार्फत जाणार? हिंदुरावाच्याच की," सिद्धम्मा म्हणाली. "त्यानं ऐकला म्हणून कागद दिलाय. तो तुमाला खोटं पाडंल, गुंडाभाऊला बी सोडणार न्हाय, आणि बास बी घराबाहेर काढंल. कानाचं काम तोंडानं कशाला? सायबाच्या कानालाच सांगू दे. आईतवारी पोरीच्या रिसेप्शनला सायब म्होरंच बसणार हाय की."

गुंडानं बोटांवर दिवस मोजले. "म्हंजे आईतवारपतूर घरी बसायचं? बसतो की. वीस वर्सांत बसलो न्हाय."

गुरुवारी हिंदुराव स्वतःच चाळीत आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की मंगळवारी दुपारी महिपती काहीतरी वाजवत होता. ते खुर्चीवर बसले, खिशातून वही काढली आणि एकेकाला विचारायला लागले. चाळीतल्या माणसांची झोपमोड झाली होती आणि महिपतीवर ती चिडलेलीही होती. पण हिंदुरावांच्या लाल शाईवर त्यांचा राग फार जुना होता.

"भोंगा गिरणीकडनंच आला," बाळासो म्हणाला.

"लई लांबून आला," येडू म्हणाला.

"मला तर दोन ऐकू आले," बजाबाई म्हणाली. तिला मुळात कमी ऐकू यायचं.

हिंदुरावांनी वही मिटली. "महिपती, जरा वाजव बघू."

महिपतीनं गज उचलला आणि राळेसाठी हात मागं केला. सिद्धम्मानं न बघता हातात वडी ठेवली. ती पहिली वडी होती, भुगा उडणारी. महिपतीनं ती मन लावून घासली, गज ओढला. फुस्स. पुन्हा ओढला. फुस्स, आणि वर एक शिंक.

"हा भोंगा?" हिंदुराव उठले. "ह्याच्यानं पत्र्यावरची चिमणी उठायची नाही." जाताना दारात थांबून म्हणाले, "गिटारवाल्याला मी सोमवारपासून बोलावलंय. रविवारी मागं उभा राहा, वाजवल्यासारखं कर."

ते नजरेआड होईपर्यंत चाळीत कुणी श्वास सोडला नाही. मग बाळासो व्हरांड्यात आडवा पडून हसला.

रविवारी संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढं सोफ्यावर मॅनेजरसाहेब, शेजारी व्याही, मागं खुर्च्या, त्याच्याही मागं सतरंजीवर गिरणीतली माणसं. उकाडा असा की भिंतीसुद्धा घामेजल्यासारख्या वाटत होत्या. अशा उकाड्यात ती मऊ राळ पाघळून हाताला चिकटायची, म्हणून सिद्धम्मानं ती ओल्या फडक्यात गुंडाळून पाण्याच्या तांब्यात ठेवली होती आणि तांब्या मांडीवर घेऊन ती बायकांत, स्टेजच्या अगदी कडेला बसली होती. शेजारणीनं दोनदा पाणी मागितलं. दोन्ही वेळा तिनं "तीर्थ हाय" म्हणून सांगितलं.

पाऊण तास गाणी झाली. महिपती फुस्स करत मागं उभा होता. मग हिंदुराव पुढं आले, मानेखाली रुमाल ठेवला, त्यावर व्हायोलिन टेकवलं आणि एक दुःखी गाणं एकट्यानं वाजवायला लागले. ते वाजवायचे चांगलं, हे कबूल करायला हवं. मांडव गप्प झाला. नवरीची आई डोळे पुसायला लागली. महिपतीनं वाकून तांब्याकडं हात केला. थंडगार राळ हातात आली. एक हात, दोन हात, आणि या वेळी तिसरा मोह म्हणून नव्हे.

गाणं संपलं. हिंदुराव शेवटचा सूर बारीक करत करत घेऊन गेले आणि त्यांनी डोळे मिटले. महिपतीनं डोळे उघडे ठेवले आणि खर्जाची तार ओढली.

मागच्या सतरंजीवर एकदम खळबळ झाली. तिघे-चौघे ताडकन उठले. एकानं शेजारी चाचपून डबा शोधला. पुढं मॅनेजरसाहेब व्याह्यांशी बोलत होते. ते बोलायचे थांबले, बाही मागं सारली, घड्याळ बघितलं. आठला वीस मिनिटं कमी. तेही रविवारी. त्यांनी गिरणीच्या दिशेला मान वळवली, मग हळूहळू ती स्टेजकडं आली आणि महिपतीवर थांबली.

महिपतीच्या कपाळावरून घाम ओघळत होता.  साहेबांच्या डोळ्यांत बघत त्यानं गज उलटा फिरवला. सूर तुटला नाही. मग गज उचलला. 

साहेबांनी एक बोट वर केलं. पुन्हा.

त्यानं पुन्हा वाजवलं. या वेळी शेवटाला गज किंचित दाबला, तसा सूर जरा फाटला. सतरंजीवरून गुंडाचा आवाज आला, "हां, आत्ता बराबर!"

साहेबांचं तोंड लाल झालं. व्याही घाबरून पाणी मागायला उठले. पण साहेबांना झालं होतं ते वेगळंच. त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग ते सोफ्याचा हात धरून असे हसले की नवरा-नवरी वाकून बघायला लागली. हिंदुराव व्हायोलिन मानेखाली तसंच धरून, तोंड उघडं टाकून वळले होते.

साहेबांनी महिपती आणि हिंदुराव दोघांना खाली बोलावलं.

"मंगळवारी दुपारी कुठं होतात?"

"घरी, सायब. सुट्टी हुती. राळ नवी हुती. बायकूनं केली." मग एका दमात, "गुंडाचा काय बी दोष न्हाय, सायब. जे असंल ते माझं."

"आणि हिंदुराव, भोंगा तुम्ही स्वतः ऐकलात?"

हिंदुरावांनी रुमालानं कपाळ पुसलं. "ऐकला, साहेब. म्हणजे… हाच ऐकला."

"अर्ध्या मैलावरून? गेटच्या आत बसून?"

हिंदुराव व्हायोलिनची खुंटी पिळत राहिले.  "बाकावर बसून ऐकलात की आडवं पडून?" साहेबांनी विचारलं, आणि व्याह्यांना ठसका लागला.

गुंडाला सोमवारपासून कामावर घेतलं. महिपतीला शिक्षा झाली: चार मंगळवार सुट्टी सोडून जुन्या पट्ट्यांची साफसफाई, आणि गिरणी चालू असेल त्या दिवशी दुपारी बासला हात लावायचा नाही. हिंदुरावांना साहेबांनी शिक्षा केली नाही. फक्त टाइम ऑफिसमधला बाक उचलून तिथं एक पाठ नसलेलं स्टूल ठेवलं. त्या रात्री पाहुण्यांनी भोंगा आणखी तीनदा वाजवून घेतला. नवऱ्या मुलाच्या मामानं तर पुढच्या महिन्यातल्या आपल्या घरच्या कार्याला 'तो भोंगेवाला हवाच' म्हणून तिथंच सांगून टाकलं. गिटारवाल्याचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

बुधवारी हिंदुराव चाळीत आले. वही नव्हती. बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा मारून ते मुद्द्यावर आले.

"वहिनी, त्या राळेत नेमकं घालता काय? आमच्या व्हायोलिनलाही जरा तसा भरदार आवाज आला तर… म्हणजे पार्टीचंच नाव होईल."

महिपती सांगायला तोंड उघडणार तोच सिद्धम्मानं त्याच्या हातात चहाचा कप दिला. "तुमाला म्हणून सांगते," ती आवाज खाली करून म्हणाली. "राळ, मेण सगळीच घालतात. खरी गोष्ट दुधाची. काळ्या शेळीचं दूध पायजे, तीन थेंब. पण शेळी सकाळी पहिल्यांदा वरडायच्या आत काढायचं. वरडली की सूर तिच्याकडंच ऱ्हातो."

हिंदुरावांनी ते दोनदा म्हणवून घेतलं आणि घाईघाईनं गेले.

शनिवारी सकाळी महिपती डबा घेऊन निघतच होता, तेवढ्यात मायाक्का दारात आली. ओढ्यापलीकडं तिचा शेळ्यांचा वाडगा होता आणि ती सकाळी चाळीत दूध घालायची. आज ती दूध घालायच्या आधीच बोलायला लागली.

"सिद्धम्मा, ह्यो कोण बाबा हाय गं? पांढरा सदरा, डोस्क्याला त्याल. तीन दीस झालं, उजाडायच्या आदी येऊन काळ्या शेळीम्होरं वाटी धरून उकिडवा बसतोय. तिनं तोंड उगाडलं की तिच्या वठावर बोट ठिवतोय आन म्हणतोय, शूऽऽ. शेळी बिचारी येडी झालीया. तिनं दूध द्यायचंच बंद केलंय."

सिद्धम्मानं दुधासाठी पातेलं पुढं केलं. तिचा चेहरा देवळात उभी असल्यासारखा शांत होता. "मोठा माणूस हाय तो, मायाक्का," ती म्हणाली. "त्याला काय बोलू नगंस. उद्यापासनं शेळीला त्याच्या आदी उठवत जा."

महिपतीनं डबा काखेत मारला, तोंड भिंतीकडं करून चपला घातल्या आणि मायाक्काच्या नजरेला नजर न देता भराभर गिरणीच्या वाटेला लागला.